बदलीवरचा माड

सरकारी नोकराची बदली झाली की तो आधी वरिष्ठांना शिव्या घालतो, मग मंत्रालयात कुणाची ओळख निघते का ते पाहतो, आणि काहीच जमलं नाही तर बिऱ्हाड बांधतो. मालदीवमधल्या माडाला यातलं काही करता येत नाही. एक दिवस बेटावर यंत्र येतं. बुंध्याभोवती चर खणला जातो, मुळांचा गड्डा सुटा होतो, झावळ्या वर गोळा करून दोरखंडाने आवळल्या जातात, आणि वर्षानुवर्षं एका जागी उभा असलेला माड आडवा होऊन सपाट बुडाच्या बार्जवर चढतो. समुद्र ओलांडून तो एका रिसॉर्टवर हजर होतो. तिथे त्याला लाकडी टेकू देऊन उभा करतात, भोवती पांढरी वाळू पसरतात आणि दोन माडांच्या मध्ये झुला टांगतात. मग पाहुणा येतो, झुल्यात आडवा होतो, फोटो काढतो आणि खाली लिहितो, ‘अनटच्ड नेचर’.

या बदलीमागचं कारण साधं आहे. उद्घाटनाची तारीख ठरलेली असते आणि माडाला तारीख समजत नाही. उंच जातीचा माड पहिला नारळ द्यायलाच सहा-सात वर्षं घेतो. जाहिरातीत शोभेल एवढा उंच व्हायला त्याहून कितीतरी जास्त. बँकेचं व्याज तोवर थांबत नाही. त्यात हल्ली रिसॉर्टला नैसर्गिक बेट लागतंच असं नाही. लगूनच्या तळाची वाळू पंपाने उपसली, ढीग घातला, कडेला दगड लावले की बेट तयार. अशा बेटावर गवताची काडीही नसते. कोट्यवधी डॉलर ओतून उभारलेल्या व्हिलासमोर नुसती उघडी वाळू ठेवली तर पाहुण्याला वाटायचं, बांधकामाच्या साइटवर आलो की काय! (आलेला तिथेच असतो, पण ते कळू द्यायचं नसतं.) मग शेजारच्या बेटांवर तयार माड आहेतच की उभे.

मालदीवची थोडी मोजमापं देतो. सुमारे १,२०० प्रवाळी बेटं, त्यातल्या दोनशेहून कमी बेटांवर वस्ती. देशातली ८० टक्के जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरच्या आत. माड हा राष्ट्रीय वृक्ष, देशाच्या बोधचिन्हातही तोच. पहिलं रिसॉर्ट १९७२ मध्ये सुरू झालं. २०२४ मध्ये वर्षभरात आलेल्या पर्यटकांचा आकडा २० लाखांच्या वर गेला. १७ ऑक्टोबर २००९ रोजी तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली होती, आठवतं? पाठीवर हवेच्या नळकांड्या बांधून मंत्री समुद्राच्या तळाशी टेबलापाशी बसले आणि जगाने धूर कमी करावा अशा विनंतीवर सह्या केल्या. जगाने फोटो पाहिले, ‘वा’ म्हटलं आणि मालदीवची विमानतिकिटं काढली.

रिसॉर्टवाल्यांकडे या बदलीचं उत्तर तयार असतं: आम्ही एकही झाड मारलेलं नाही, फक्त हलवलंय. आणि गंमत म्हणजे ते बऱ्याच अंशी खरं बोलतात. वड-पिंपळ उपटून हलवला तर तो महिनोन्महिने आजारी पडतो. माडाचं तसं नाही. त्याची मुळं बुंध्याच्या तळातून, दोरीसारखी, शेकड्यांनी फुटतात. ती तोडली तरी तळातून नवी येत राहतात. फ्लोरिडात यावर नीट प्रयोग झाले आहेत. तोडलेल्या मुळांपैकी साधारण निम्मी माडाच्या बाबतीत जगतात आणि पुन्हा फुटतात. म्हणून नीट खणला, सावकाश वाहिला आणि वेळेवर पाणी दिलं तर माड नव्या जागी रुजतो. आपल्याकडे शहरात ‘पुनर्रोपण’ म्हणतात त्यात झाड मरतं आणि फाइल जगते. मालदीवमध्ये निदान झाड जगतं.

पण परीक्षा भलत्याच विषयाची चालली आहे. माड जगला का, एवढंच विचारतात. जिथून तो नेला तिथल्या खड्ड्याला कुणी काही विचारत नाही.

त्या खड्ड्याकडे जरा वाकून पाहू. प्रवाळी बेटावरची जमीन म्हणजे चुनखडी वाळू, आणि वर कुजलेल्या पाल्याचा पातळसा काळपट थर. तो थर तयार व्हायला पिढ्या लागतात. मुळांचा गड्डा बांधून नेताना नेमका तोच जातो. बेटावर नदी नाही, डोंगर नाही. गोडं पाणी म्हणजे पावसाचं, वाळूत मुरलेलं, खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहिलेलं. पुस्तकी हिशेबाने, हे पाणी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल तर खाली ४० फुटांपर्यंत गोडं पाणी असायला हवं. प्रत्यक्ष बेटांवर ते त्याहून बरंच कमी भरतं. जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर दीड-दोन मीटर, कधी त्याहून कमी. म्हणजे बेटावर मोठे खड्डे खणणं हे विहिरीच्या काठाशी खेळणं आहे. खड्डे उघडे राहिले आणि भरतीच्या लाटा आत आल्या की खारं पाणी थेट खाली उतरतं. २००४ च्या त्सुनामीने मालदीवच्या विहिरी खारावल्या, फणसाच्या जातीची ब्रेडफ्रूटची झाडं, आंबे, केळी करपून गेली. माड मात्र बहुतेक उभे राहिले. ज्यांनी त्या लाटेपुढे टिकून दाखवलं त्यांनाच पुढे झुले टांगायला नेलं.

आणि कुठले माड न्यायचे? बेटाच्या मध्यभागी सरळसोट वाढलेल्या माडाला कॅमेऱ्यासमोर भाव नाही. भाव असतो काठावरच्या, समुद्राकडे झुकलेल्या, कमरेत लचकलेल्या माडाला. तो लचकलेला का, तर तो अगदी काठावर उभा असतो म्हणून. तिथल्या वाळूला त्याच्या आणि भोवतालच्या झुडपांच्या मुळांचाच काय तो आधार. शिवाय माड काही हवेतून बार्जवर जात नाही. त्याला किनाऱ्यापर्यंत ओढत न्यायला वाट लागते, ती किनाऱ्याच्या झुडपांतूनच निघते. बार्ज काठाला लागायला खोल पाणी हवं, म्हणजे कधी प्रवाळही फोडावं लागतं. एका माडासाठी एवढी शोभायात्रा!

आता नवीन पोस्टिंगवरची परिस्थिती. उपसलेल्या वाळूचं बेट हे सुरुवातीला नुसती खारी वाळू असतं. तिथे गोड्या पाण्याचा साठा तयार व्हायला पावसाळे जावे लागतात. तोवर माडाला पाणी कुठलं? समुद्राचं पाणी यंत्रातून गाळून गोडं केलेलं, किंवा पाहुण्यांच्या न्हाणीघरातून आलेलं सांडपाणी शुद्ध करून. दोन्ही यंत्रं विजेवर चालतात, आणि बेटावरची वीज अजूनही मुख्यतः डिझेल जाळून होते. ज्या माडाने आयुष्यभर पावसाच्या पाण्यावर फुकटात दिवस काढले, त्याला आता डिझेलचं पाणी पाजतात. रिसॉर्टच्या पत्रकात या माडांच्या छायाचित्राशेजारी ‘सस्टेनेबल’ असं लिहिलेलं असतं, हिरव्या अक्षरांत.

बदलीवर जाणारा एकटा जात नाही, मागे कुटुंब असतं. माडाचं कुटुंब पानांच्या बेचक्यात आणि मुळांच्या मातीत लपलेलं असतं. मालदीवला याचा धडा एकदा चांगला मिळालाय. १९९९ च्या सुमारास आरी प्रवाळद्वीपातल्या एका रिसॉर्टच्या बागेसाठी आग्नेय आशियातून शोभेचे पाम आणले गेले. त्यांच्यासोबत एक बोटभरही नसलेला किडा आला. ब्रोन्टिस्पा त्याचं नाव. न उमललेल्या कोवळ्या झावळीच्या घडीत शिरून तो आणि त्याच्या अळ्या पान खरवडून खातात. झावळी उघडते तेव्हा ती भाजल्यासारखी तपकिरी असते. रिसॉर्टच्या कुंपणाला (समुद्राला कुंपण असतं तर) किडा मानत नाही. तो आजूबाजूच्या वस्तीच्या बेटांवर पोहोचला, जिथल्या लोकांनी शोभेचा पाम कधी मागवलेलाच नव्हता. शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेला मदतीला धावावं लागलं. या किड्याच्या अळीत अंडी घालणारी एक इवलीशी गांधीलमाशी व्हिएतनाममधून आणून बेटांवर सोडावी लागली. म्हणजे आधी शोभेचं झाड आयात केलं, त्याच्याबरोबर कीड आली, मग किडीचा शत्रू आयात केला. आयात-निर्यातीच्या इतक्या मोठ्या व्यवहारात स्थानिक माणसाच्या पदरी काय पडलं, तर करपलेल्या झावळ्या.

हा एकट्या मालदीवचा दोष म्हणावा तर प्रशांत महासागराकडे पाहा. ग्वाम बेटावर २००७ मध्ये गेंड्या भुंगा पहिल्यांदा सापडला तो टुमॉन बे भागात. टुमॉन बे म्हणजे तिथली हॉटेलांची रांग. आपल्या कोकणातल्या बागायतदाराला गेंड्या भुंग्याची ओळख करून द्यायला नको. शेंड्यात शिरलेल्या भुंग्याला तारेच्या आकडीने ओढून काढणारी माणसं अजून आहेत. ग्वामला मात्र तो पाहुणा नवा होता. त्याने बेटावरचे माड झपाट्याने पोखरले. २०१३ मध्ये तो हवाईच्या ओआहू बेटावर सापडला, आणि २०२३ मध्ये हवाईच्याच इतर बेटांवर. बेटाबेटांत झाडं, माती, खत, पालापाचोळा फिरत राहिला की भुंग्याला स्वतः उडायचे कष्ट पडत नाहीत.

हवाईचीच आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नर्सरीतल्या झाडांबरोबर प्वेर्तो रिकोतला कोकी नावाचा बेडूक हवाईत पोहोचला. आकार अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा. आवाज मात्र जवळून ९० डेसिबलपर्यंत. नर रात्रभर बोलावतात, आणि हवाईत त्यांना खाणारा साप नाही, त्यामुळे ते बोलावतच राहतात. शांततेसाठी पैसे मोजून आलेला पाहुणा रात्री दोन वाजता रिसेप्शनला फोन करून ‘तो आवाज बंद करा’ म्हणतो तेव्हा ज्या कुंडीतून तो आवाज आला ती कुंडी बहुधा त्याच्याच खिडकीखाली असते.

आता माडाची बाजू घेऊन इतकं बोललो म्हणून तो अगदी साधू ठरतो असं नाही. बेटावर माडच माड असणं ही मुळात माणसाने केलेली व्यवस्था आहे. आपण ‘स्वर्ग’ म्हणतो ते बऱ्याचदा जुने नारळाचे मळेच असतात. प्रशांत महासागरात पाल्मायरा नावाचं एक निर्जन प्रवाळद्वीप आहे. तिथे संशोधकांनी माडांच्या राईची मूळच्या रुंद पानांच्या झाडीशी तुलना केली. समुद्रपक्षी माडावर घरटी करायला नाखूश असतात. वाऱ्यात हेलकावणाऱ्या झावळीवर अंडी घालायला तेही काही वेडे नाहीत. पक्षी नाहीत म्हणजे त्यांची विष्ठा नाही. विष्ठा नाही म्हणजे मातीत नायट्रोजन कमी. मातीतून पाण्यात झिरपणारं पोषण कमी, म्हणून काठच्या पाण्यातले सूक्ष्म जीव कमी. आणि ते कमी म्हणून त्यांच्यावर जगणारे मँटा रे मासेही तिथे कमी फिरकतात. पक्ष्याच्या पंखापासून माशाच्या पंखापर्यंतची ही साखळी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडली आहे. पुढे पाल्मायरावरचे माड मोठ्या प्रमाणावर काढण्याचं कामच हाती घेतलं गेलं.

हे मालदीवला जसंच्या तसं लावता येणार नाही, तिथे माणसं शतकानुशतकं माडावरच जगत आली आहेत. पण रिसॉर्टच्या बागेत काय होतं? किनाऱ्यालगतची मगू आणि कुरेदी ही खारं वारं अंगावर घेणारी, वाळू धरून ठेवणारी झुडपं ‘व्ह्यू’च्या आड येतात म्हणून छाटतात, आणि त्यांच्या जागी अंतरं मोजून माड उभे करतात. मग वाळू वाहून जाते. मग वाळू अडवायला दगडी बांध. बांधाच्या पलीकडची वाळू वाहते, म्हणून पलीकडे आणखी एक बांध. मग दरवर्षी पंप लावून वाळू परत भरायची. आणि त्याच रिसॉर्टच्या डेस्कवर मँटा बघायच्या सहलीचं तिकीट विकायचं.

कायदा नाही असं समजू नका. मालदीवमध्ये २००६ पासून झाडं तोडणं, उपटणं आणि एका बेटावरून दुसऱ्यावर नेणं यासाठी नियम आहेत. २००६ च्या त्या नियमांनी किनाऱ्यापासून आत १५ मीटरपर्यंतची झाडी संरक्षित केली. खारफुटीच्या आणि पाणथळीच्या काठच्या १५ मीटरलाही तेच संरक्षण. रचनेने आगळ्यावेगळ्या झाडांनाही हात लावायचा नाही. एक माड काढला तर दोन लावायचे. मोठ्या प्रमाणावर काढायचे तर आधी पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल द्यायचा. एक माड काढून दोन लावायचे, हे अंकगणित कागदावर नफ्याचंच दिसतं. त्यात फक्त एवढंच दिसत नाही की काढलेला माड चाळीस फुटांचा आहे आणि लावलेले दोन गुडघ्याएवढे. १५ मीटरचा पट्टाही छोट्या बेटावर केवढा मोठा वाटा खातो, हे नकाशावर पाहिलं की नियम किती वेळा अडचणीचा ठरत असेल याचा अंदाज येतो.

या बाबतीत आपण मालदीवला नावं ठेवायला फार वरच्या पायरीवर उभे नाही. जानेवारी २०१६ मध्ये गोवा सरकारने वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती करून माडाला ‘वृक्ष’ या व्याख्येतून बाहेर काढलं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने माड गवताच्या दूरच्या नात्यातला आहे खरा. पण गोव्याच्या सचिवालयात वनस्पतिशास्त्राची अशी अचानक ओढ का लागली, यावर तेव्हा गोव्यात बरीच चर्चा झाली. तोडायला परवानगी लागू नये एवढाच त्या शास्त्राचा निष्कर्ष होता. २०१७ मध्ये नवं सरकार आलं आणि माड परत वृक्ष झाला, वर राज्यवृक्षही. दीड-दोन वर्षांत तो गवताचा राजा झाला. माडाच्या सेवापुस्तकात इतकी जलद बढती दुसरीकडे कुठे नोंदलेली नसेल.

मालदीवच्या लोकांना हे सगळं बाहेरच्यांनी येऊन सांगावं लागतं असंही नाही. काही वर्षांपूर्वी तिथल्याच तरुणांनी समाजमाध्यमांवर माड हलवण्याविरुद्ध मोहीम चालवली होती, बार्जवर आडव्या पडलेल्या माडांचे फोटो टाकून. पण बेटावरच्या माणसाची अडचण वेगळी आहे. त्याच्या बेटाच्या परिषदेला पैसे हवे असतात. बंदर, रस्ता, शाळेची खोली यांसाठी माडांचा सौदा होतो, आणि सही करणाऱ्यालाच सगळा दोष देणं सोपं आहे. कधी विमानतळ किंवा घरं बांधायला जागा साफ करायचीच असते. तिथले माड जाळून टाकण्यापेक्षा नेलेले बरे, हे मी अजिबात नाकारत नाही. तक्रार आहे ती जागेची काही गरज नसताना, बाजारात भाव आहे म्हणून उभी राई उचलण्याबद्दल. माड गेला की त्याबरोबर शहाळं, खोबरं, सुंभ, चुलीचं जळण आणि दुपारची सावली जाते. इब्न बतूता चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काझी होता. जहाजं शिवायला लागणारा तिथला काथ्या भारत, चीन आणि येमेनला जातो असं त्याने लिहून ठेवलंय. आता काथ्याऐवजी माडच जातो, फक्त शेजारच्या बेटावर, आणि दोरीची मागणी आली तर प्लॅस्टिकची मिळते.

हे आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. २०२३ मध्ये मालदीवला सर्वाधिक पर्यटक भारतातून गेले होते. त्यात पुण्या-मुंबई-नाशिकची हनिमूनची जोडपी किती, ते फेसबुकला विचारा. मग जानेवारी २०२४ मध्ये मालदीवशी वाद पेटला, देशप्रेमाची लाट आली आणि सगळे एकदम लक्षद्वीपचे फोटो टाकू लागले. लक्षद्वीप म्हणजे ३६ बेटं, सगळी मिळून ३२ चौरस किलोमीटर, त्यातल्या दहांवर वस्ती. तिथेही तीच वाळू, तेच तरंगतं गोडं पाणी, तेच माड. त्यातल्या मिनिकॉयला तर भाषासुद्धा मालदीवच्या घरातली. सुहेली आणि कदमत बेटांवर आलिशान रिसॉर्ट उभारायची घोषणा २०२३ मध्येच झालेली आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला बेटावरचं पॅकेज घेताना ट्रॅव्हलवाल्या भाऊंना एक प्रश्न विचारून बघा: तुमच्या रिसॉर्टवरचे माड कुठले?

‘साहेब, सी-फेसिंग आहेत ना!’

माड आधी कुठे होते, असं विचारतोय.

‘बरं, पाच टक्के कमी करतो. ब्रेकफास्ट इन्क्लूडेड.’